जुना गेमिंग कॉम्प्युटर घ्यावा की नाही? आधी हिशेब, मग हौस

दहावी-बारावीचे निकाल लागले, कॉलेजचे प्रवेश झाले की आपल्या घराघरांतून एक मागणी हमखास पुढे येते. पूर्वी ती सायकलची असे, पुढे मोबाईलची झाली. आता मुले म्हणतात, "गेमिंग पीसी पाहिजे." नव्याची चौकशी केली की दुकानदार साठ-सत्तर हजारांचा आकडा सांगतो आणि विषय तिथेच थांबतो. चार दिवसांनी मुलगा मोबाईलवर एक जाहिरात दाखवतो. कॉम्प्युटर जुना आहे, पण चालू आहे. आत निळे-तांबडे दिवे लागतात. किंमत निम्मी. बाप म्हणतो, "खेळण्यासाठी एवढे पैसे?" आई काही बोलत नाही, कारण पैसे तिच्याच डब्यात असतात. आणि धाकट्या बहिणीला तर कोणी विचारतच नाही.

वस्तीतल्या अभ्यासिकेत आम्ही रोज संध्याकाळी बसतो. शिष्यवृत्तीचे अर्ज, जात पडताळणीची कागदपत्रे, कर्जाचे कागद हे सारे वाचून देण्याचे, भरून देण्याचे काम तिथे चालते. अलीकडे त्यात ह्या प्रश्नाची भर पडली आहे. "साहेब, घ्यावा का हा कॉम्प्युटर?" असे विचारणारे आई-बाप महिन्याला दोन-तीन तरी येतात. आम्ही बी.कॉम. झालेलो कारकून, इंजिनियर नव्हे. पण हिशेब मांडता येतो आणि जाणत्या पोरांना विचारून माहिती गोळा करता येते. त्याच भांडवलावर हा लेख लिहीत आहोत.

आधी खरे बोलावे

मुले म्हणतात, "अभ्यासासाठी पाहिजे." पालकही तेच शेजारी सांगतात. येथेच पहिली गफलत होते. टॅली शिकणे, टंकलेखनाचा सराव, एमएस-सीआयटी, कॉलेजचा प्रकल्प, सुरुवातीचे प्रोग्रामिंग ह्यांपैकी कशालाही गेमिंग कॉम्प्युटर लागत नाही. कचेऱ्यांतून बदलून काढलेला साधा कॉम्प्युटर त्याला पुरतो आणि तो कितीतरी स्वस्तात मिळतो. गेमिंग कॉम्प्युटरमध्ये जादा पैसे जातात ते ग्राफिक्स कार्डासाठी. व्हिडिओ एडिटिंग किंवा थ्री-डी चित्रे करणाऱ्या मुलाला त्याचा उपयोग आहे. बाकीच्यांना ते खेळण्यासाठीच हवे असते.

खेळण्यासाठी हवे असेल तर तसे सांगावे, त्यात लाजण्यासारखे काय आहे? श्रीमंताच्या मुलाने खेळले तर छंद आणि कामगाराच्या मुलाने खेळले तर वाया गेला, हा न्याय आम्हाला मान्य नाही. कष्ट करणाऱ्या घरालाही विरंगुळा हवा. मात्र त्याचे पैसे कुठून येतात आणि त्यापायी कुणाचे काय मागे पडते, हे घरातल्या सर्वांसमोर ठरले पाहिजे.

पालकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. खेळ आणि जुगार ह्यांत फरक आहे. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाईन गेमिंगचा कायदा संमत केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर त्याने बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. मुलगा कोणता खेळ खेळतो, त्यात पैसे भरावे लागतात का, हे विचारण्याचा पालकांना पूर्ण हक्क आहे.

एका घराचा हिशेब

आमच्या ओळखीचे एक कुटुंब अंबरनाथला राहते. वडील औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात, आई पोळी-भाजीचे डबे करते. मुलगा आयटीच्या दुसऱ्या वर्षाला, मुलगी नुकतीच बारावी झालेली. घरात साठलेले पैसे ४८ हजार. मुलाने जी जाहिरात आणली तिची किंमत ३० हजार. "अठ्ठेचाळीसमधून तीस गेले तर अठरा उरतातच की," असे त्याचे गणित.

आम्ही वही काढली. मुलीची कॉलेजची आणि टंकलेखनाच्या क्लासची फी मिळून १२ हजार. ती आधी बाजूला. आजारपणासाठी ५ हजार. त्यांना हात लावायचा नाही. उरले ३१ हजार. जुनी वस्तू म्हटली की दुरुस्ती येणारच, म्हणून ३ हजार राखून ठेवले. राहिले २८ हजार. स्क्रीन, कीबोर्ड, माऊस आणि नेण्या-आणण्याचे भाडे धरून खरी ऐपत एवढीच. जाहिरातीतल्या ३० हजारांत स्क्रीन नव्हता, म्हणजे तो कॉम्प्युटर तिथेच ऐपतीबाहेर गेला.

पण हिशेबाला दुसरी बाजू असते. मुलगा गेमिंग कॅफेत जात होता. तासाला ५० रुपये, आठवड्याला आठ तास. म्हणजे आठवड्याला ४०० आणि महिन्याला १,६०० रुपये. वर्षाचे ४८ आठवडे धरले तरी १९,२०० रुपये. हे पैसे कोणाच्याच वहीत नव्हते, कारण ते पन्नास-पन्नासने जात होते.

आता घरच्या कॉम्प्युटरचे पाहा. २८ हजारांना घेतला आणि तीन वर्षांनी १० हजारांना विकला असे धरू. झीज १८ हजार, म्हणजे ३६ महिन्यांत महिन्याला ५००. दुरुस्तीचे ३ हजार महिन्याला ८३ पडतात. खेळताना कॉम्प्युटर व स्क्रीन मिळून २५० वॉट घेतात असे धरले तर रोज तीन तासांचे महिन्याला साडेबावीस युनिट होतात. आठ रुपये दराने १८० रुपये. एकूण ७६३. कॅफेच्या निम्म्याहूनही कमी!

मात्र दोन सावधगिरीच्या गोष्टी. कॅफेत खिसा रिकामा झाला की खेळ संपतो. घरात तो संपत नाही. आणि विजेच्या बिलात १०० युनिटांच्या वर पुढच्या टप्प्याचा दर लागतो. ज्या घराचे बिल नव्वद-पंच्याण्णव युनिटांचे आहे, त्याने वाढीव युनिटांचा हिशेब आठ रुपयांवर न सोडता आपले बिल समोर ठेवून करावा.

"आय-सेव्हन" म्हणजे काय?

ती जाहिरात नाकारण्याआधी मुलाच्या समाधानासाठी आम्ही तो कॉम्प्युटर पाहायला गेलो. जाहिरातीत लिहिले होते: आय-सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ८ जीबीचे ग्राफिक्स कार्ड. ऐकायला सगळे भारी. पण ह्यातला प्रत्येक शब्द खरा असूनही माणूस फसू शकतो.

इंटेल कंपनी आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन ही नावे वर्षानुवर्षे वापरत आली. नावापेक्षा पुढचा आकडा महत्त्वाचा. त्या कॉम्प्युटरमध्ये होता आय-सेव्हन ३७७०. पहिला आकडा तीन, म्हणजे तिसरी पिढी, २०१२ सालची. २०२० साली आलेला आय-थ्री १०१०० हा दहाव्या पिढीचा प्रोसेसर नावाने धाकटा असूनही त्याच्या पुढे आहे. "आय-सेव्हन" म्हणून जास्त पैसे मागितले की पहिला प्रश्न विचारावा: "कितव्या पिढीचा?" असाच प्रकार "झिऑन" नावाच्या सर्व्हरच्या प्रोसेसरचा. मोठ्या कंपन्यांनी काढून टाकलेले हे प्रोसेसर नव्या, अनोळखी नावाच्या मदरबोर्डवर बसवून "गेमिंग" म्हणून विकतात. त्यांत कोअर पुष्कळ असतात, पण बऱ्याच खेळांना थोड्या पण वेगवान कोअर लागतात.

पिढीचा प्रश्न केवळ वेगाचा नाही. विंडोज १० चे नेहमीचे समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडीची रायझन २००० मालिका वा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. तिसऱ्या पिढीच्या कॉम्प्युटरवर आडमार्गाने विंडोज ११ चढवून देणारे आहेत. पण मुलांच्या आवडीचा व्हॅलोरंट हा खेळ विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट चालू असल्याशिवाय सुरूच होत नाही. म्हणजे ज्याच्यासाठी हट्ट, तेच चालायचे नाही.

कार्डाची कुंडली

ग्राफिक्स कार्ड हा गेमिंग कॉम्प्युटरचा जीव. त्या कॉम्प्युटरमधले कार्ड आरएक्स ५८० होते. पण ह्या नावाची दोन कार्डे बाजारात आहेत. मूळ कार्डात २३०४ गणनयंत्रे असतात, दुसऱ्यात २०४८. दुसऱ्याच्या नावापुढे "२०४८एसपी" असे लिहिलेले असते आणि विकणारा नेमके तेवढेच गाळतो. तिथले कार्ड दुसरे निघाले.

शिवाय मायनिंगचा इतिहास आहे. इथेरियम नावाचे आभासी चलन मिळवण्यासाठी लोक एकेका खोलीत पुष्कळ कार्डे लावून ती दिवसरात्र चालवत. १५ सप्टेंबर २०२२ रोजी त्या चलनाची पद्धत बदलली, कार्डांची गरज संपली आणि ती सारी जुन्या बाजारात आली. मायनिंगला वापरलेले प्रत्येक कार्ड खराबच असते असे नाही. पण त्याचे पंखे झिजलेले, थर्मल पेस्ट वाळलेली आणि मेमरी तापून गेलेली असू शकते. गिरणीत तीन पाळ्या चाललेले यंत्र आणि घरात दोन तास चाललेले यंत्र ह्यांचा भाव एक कसा असेल?

काही कार्डे तर चक्क खोटी असतात. जुन्या कार्डाचा आतला प्रोग्राम बदलून त्याला नव्याचे नाव देतात. "जीपीयू-झेड" हा फुकट मिळणारा छोटा प्रोग्राम चालवला की असे नकली कार्ड बहुतेक वेळा उघडे पडते.

कार्डाचे वयही पाहावे. एनव्हिडियाच्या जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकांना नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर देणे ऑक्टोबर २०२५ पासून थांबले. आता फक्त सुरक्षेची दुरुस्ती मिळते. जीटीएक्स १६५० आणि १६६० ही कार्डे त्यानंतरच्या पिढीची आहेत. पण त्यांनाही मर्यादा आहे. डिसेंबर २०२४ मधला इंडियाना जोन्स किंवा मे २०२५ मधला डूम : द डार्क एजेस ह्या खेळांना रे-ट्रेसिंगची सोय असलेलेच कार्ड लागते, ती ह्या कार्डांत नाही. म्हणून आधी मुलाकडून चार-पाच खेळांची यादी लिहून घ्यावी. यादीत व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, जीटीए फाइव्ह असेल तर चार जीबीचे जीटीएक्स १६५० पुरते. आज निघणारा प्रत्येक मोठा खेळ खेळायचा असेल तर २८ हजारांत ते होणार नाही, हे मुलाला स्पष्ट सांगावे.

परत येताना लोकलमध्ये मुलगा आमच्याशी बोलला नाही. चालायचेच. "नाही" म्हणणे हेही वडीलधाऱ्यांचे कामच आहे.

पाहायला जाताना काय पाहावे?

जाणता माणूस सोबत न्यावा आणि शक्यतो विकणाऱ्याच्या घरी, दिवसाउजेडी जावे. आगाऊ रक्कम पाठवू नये. मग पुढील क्रमाने पाहणी करावी.

१) कॅबिनेट उघडायला लावावे. थोडी धूळ चालेल. पण फुगलेले कपॅसिटर, जळाल्याचा वास, गंज नको. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत गंज लवकर धरतो.

२) एसएमपीएस कोणत्या कंपनीचा, किती वॉटचा, ते वाचावे. विजेचा सारा भार ह्या डब्यावर असतो. बिननावाचा असेल तर नव्याची किंमत भावातून वजा करावी. तो बिघडला तर स्वतःबरोबर कार्ड आणि मदरबोर्डही नेऊ शकतो.

३) कॉम्प्युटर अर्धा-पाऊण तास चालवून घ्यावा. मुलाचा आवडता खेळ खेळू द्यावा आणि तापमान पाहावे. कार्ड ८५ अंशांच्या वर जात असेल, पडद्यावर ठिपके वा रेघा येत असतील, तो मधेच बंद पडत असेल, तर नमस्कार करून निघावे.

४) "क्रिस्टलडिस्कइन्फो" हा प्रोग्राम लावून डिस्कची प्रकृती आणि ती किती तास चालली ते पाहावे. वर्षाचे तास ८,७६०. डिस्क २० हजार तास चालली असेल तर रोज आठ तासांच्या वापराने ती जवळजवळ सात वर्षांची झाली.

५) रॅम जाहिरातीत सांगितली तेवढीच आहे का पाहावे. "आठ जीबी घ्या, पुढे वाढवा," हा सल्ला पूर्वी ठीक होता. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव खूप चढले आहेत, कारण एआयच्या मोठमोठ्या केंद्रांना ती प्रचंड प्रमाणात लागते. आता पुरेशी रॅम कॉम्प्युटरबरोबरच आलेली बरी.

६) सर्व यूएसबी जागा, आवाज, इंटरनेटची जोडणी तपासावी. अनेक डेस्कटॉपमध्ये वायफाय नसतेच. त्यासाठी वेगळी वस्तू घ्यावी लागते.

७) इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी "एफ" अक्षर असेल तर त्यात स्वतःची चित्रशक्ती नसते. कार्ड बिघडले की स्क्रीन काळा, आणि टंकलेखनही बंद!

८) बिले मागावीत. बिलामुळे वॉरंटी किती उरली ते कळते आणि माल चोरीचा नाही ह्याचा आधार मिळतो. व्यवहार झाल्यावर विकणाऱ्याच्या सहीची साधी पावती घ्यावी. तिच्यावर सुट्या भागांचे सीरियल नंबर लिहावेत.

मधला मार्ग

ज्यांची ऐपत ह्याहून कमी आहे त्यांनी निराश होऊ नये. कचेऱ्यांतून निघालेले डेल, एचपी, लेनोव्हो ह्यांचे कॉम्प्युटर मुंबईत ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर पाहायला मिळतात. आठव्या पिढीपासून पुढचा घेतला तर अभ्यास आजच सुरू होतो आणि कार्ड पुढे बसवता येते. मात्र कॅबिनेट चपटे असेल तर बुटके कार्डच मावते आणि त्यांच्या एसएमपीएसमध्ये कार्डाची वेगळी वायर बहुधा नसते. अशा वेळी ७५ वॉटांत, मदरबोर्डवरूनच वीज घेणारे कार्ड लागते. जीटीएक्स १६५० मध्ये असे बुटके प्रकार आहेत. दुसरी सोय म्हणजे एएमडीचा रायझन ५ ५६००जी. त्याच्या पोटातच बरी चित्रशक्ती असल्याने वेगळ्या कार्डाशिवाय व्हॅलोरंटसारखे हलके खेळ चालतात.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी. खेळाच्या कॉम्प्युटरसाठी बचत गटातून किंवा सावकाराकडून व्याजाने पैसे काढू नयेत. झिजणाऱ्या वस्तूवर व्याज भरणे म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणे.

शेवटी काय ठरले?

अंबरनाथच्या त्या कुटुंबाने दीड महिना थांबून दुसरा कॉम्प्युटर घेतला. विकणारा शिक्षण संपवून नोकरीला परगावी निघालेला तरुण होता. नवव्या पिढीचा आय-फाइव्ह ९४००एफ, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० कार्ड, एसएमपीएस नावाजलेल्या कंपनीचा आणि सर्व भागांची बिले. २४ हजारांना सौदा झाला. जुना स्क्रीन, कीबोर्ड, माऊस आणि टेम्पोचे भाडे मिळून ४ हजार. दिवे त्यात एकही नाहीत.

पैसे देण्याआधी आईने एक अट घातली आणि ती आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. कॉम्प्युटरवर रोज संध्याकाळचे पहिले दोन तास मुलीचे. टंकलेखनाच्या परीक्षेला मराठी, इंग्रजीचा सराव लागतो आणि तो क्लासच्या एका तासात पुरा होत नाही. त्यानंतर मुलाचे तीन तास. परीक्षेच्या महिन्यात एक. कॅफे बंद, आणि तिथले वाचणारे पैसे दर महिन्याला आईच्या डब्यात. हे सारे कागदावर लिहून भिंतीला लावले आहे. मुलीने त्यावर आपल्या वेळेखाली लाल रेघ ओढली आहे!

वाचक बंधु-भगिनींनो, यंत्र वाईट नसते आणि चांगलेही नसते. घरात ते कोणत्या शर्तीवर येते ह्यावर सारे अवलंबून असते. मुलाने खेळांची यादी लिहावी, बापाने विजेचे बिल काढावे, आईने डब्यातले पैसे मोजावेत आणि मुलीला तिची गरज विचारावी. चौघांचे कागद एका ठिकाणी ठेवले की घ्यावा की नाही ह्याचे उत्तर बहुधा त्यांतूनच मिळते. उत्तर "नाही" असे आले तर आज थांबण्यात कमीपणा नाही. "हो" असे आले तर पारखून घ्या, पावती घ्या आणि घरातल्या प्रत्येकाला त्याचा वाटा द्या.